विचारा की! : डिंक नव्हे, राळ

प्रश्न : माझा मुलगा कंपनीच्या कामासाठी पोलंडला गेला होता. येताना त्यानं ग्दान्स्क या बंदराच्या गावाहून माझ्यासाठी मधाच्या रंगाच्या मण्यांची माळ आणली. एका मण्यात बारीकशी माशी अडकलेली दिसते. तो म्हणतो, हा झाडाचा डिंक आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. आमच्या नेहमीच्या सराफांनी माळ तळहातावर घेतली आणि लगेच सांगितलं, "काकू, प्लॅस्टिक हाय की ओ हे. वजनच नाही." डिंक एवढी वर्षं टिकतो का? त्याचा दगड कसा होतो? आणि माझी माळ खरी का खोटी?
— सौ. शै. कु., जुळे सोलापूर

उत्तर : या सदरात मी पत्राला पत्रानंच उत्तर देते. पण जुळे सोलापूर ते मुरारजी पेठ म्हणजे रिक्षाचं अंतर, आणि माशीचा मणी डोळ्यांनी बघायचा मोह काही आवरेना. ताईंना म्हटलं, माळ घेऊन घरीच या. गेल्या रविवारी त्या आल्या. त्यामुळे हे उत्तर लांबलंय. संपादकांनी या खेपेला कात्री आवरावी.

मुलगा सांगतो त्या पदार्थाचं नाव अंबर. आधी 'डिंक' हा शब्द बाजूला ठेवू. तेवढा एक सोडला तर मुलाचं बाकी सगळं बरोबर आहे. ताई यायच्या आदल्या रात्री मी दोन वाट्या पाण्यात दोन खडे टाकून ठेवले होते. एकीत शेतावरून आलेला बाभळीचा डिंक, दुसरीत मंगळवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ. सकाळी डिंकाच्या वाटीत नुसतं जाडसर चिकट पाणी होतं, खडा कुठं गेला पत्ता नाही. राळेचा खडा टाकला तसा होता. बोटांनी पुसला आणि परत पुडीत बांधला.

डिंक हा शर्करेच्या रेणूंची माळ असलेला पदार्थ. त्याला पाणी विरघळवतं, बुरशी खाते, मुंग्या लागतात. चार पावसाळे निघायची मारामार, कोटी वर्षांचं कुठलं घेऊन बसलात. राळेची जातच वेगळी. ती टर्पिन नावाच्या तेलकट रेणूंची बनलेली असते. पाण्याला ती दाद देत नाही आणि बहुतेक जंतूंना ती पचत नाही. अंबर झालं ते राळेचं. डिंकाचं कधीच नाही.

राळ आपल्याला तशी परकी नाही. 'टीकेची राळ उडवली' असं वर्तमानपत्रात रोज वाचतो. सोंगांच्या खेळात मशालीवर राळेची पूड फेकली की भप्पकन भडका उडतो, तीच ही राळ. अंबरही असंच जळतं. जर्मन भाषेत त्याचं नावच 'जळणारा दगड' अशा अर्थाचं आहे. म्हणजे 'दगड कसा होतो' याचं खरं उत्तर, होतच नाही. लाकडाचा जीवाश्म होताना लाकडाच्या जागी खनिज येऊन बसतं. अंबरात तसं काही येत नाही. झाडानं गाळलेला पदार्थच, आतल्या आत बदलून, तिथं असतो. तुमच्या गळ्यात दगड नाही, झाड आहे.

आता झाड राळ का गाळतं? आपण जखमेवर हळद दाबतो, तसं. साल भुंग्यांनी पोखरली, वादळात फांदी मोडली, वणव्यानं खोड भाजलं, की त्या ठिकाणी राळ पाझरायला लागते. पाइनसारख्या झाडात ती नळ्यांमध्ये दाबाखाली भरलेलीच असते. पोखरणाऱ्या किड्याला ती बाहेर ढकलते किंवा बुडवते, भोक बुजवते, बुरशीची वाट अडवते. ताजी असताना वाहते, कारण तिच्यात हवेत उडून जाणारा भाग भरपूर असतो. रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनच्या डब्याचा वास आठवा, तो या भागाचा. तो उडाला की मागे घट्ट माल राहतो.

इथून पुढचं समजायला सोलापूरकरांना चादर पुरे. सुताच्या लडीतला एक धागा ओढला तर सहज निघून येतो. तेच सूत मागावर चढवलं, ताण्यातून धोटा फिरून बाणा बसला, की धागा ओढून निघत नाही. एखाद वेळेस चादर फाटेल. ताज्या राळेतले सुटे रेणू म्हणजे लडीतलं सूत. हळूहळू ते एकमेकांना जोडले जातात, लांब साखळ्या होतात आणि साखळ्यांना आडवे टाके पडतात. अशी वीण जितकी दाट, तितका माल टणक आणि न विरघळणारा. ही विणाई झाडावरच सुरू होते, पण पुरी व्हायला लाखो वर्षं लागतात. अर्धवट विणलेल्या मालाला कोपल म्हणतात. काही शे ते काही हजार वर्षांचं कोपल बाजारात सर्रास अंबर म्हणून खपवतात, त्याकडे पुढे येतेच.

मात्र प्रत्येक झाडाच्या राळेला ही विणाई जमत नाही, आणि बहुतेक लोक इथंच चुकतात. 'पाइनची राळ गाळली, कोट्यवधी वर्षं गेली, अंबर झालं' असं सांगून मोकळे होतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले डाग देताना ज्या पिवळ्या खड्यात सोल्डरिंगची तापलेली सळई बुडवतात, ते रोझीन म्हणजे पाइनचीच राळ. तिचे रेणू एकमेकांत गुंतायला तयार नसतात. उलट न्यूझीलंडच्या कौरी झाडाची राळ चांगली गुंतते. कौरीच्या जुन्या जंगलांच्या जागी दलदलीत गाडलेली ही राळ एकोणिसाव्या शतकात लोकांनी सळया खुपसून, फावड्यानं खणून काढली आणि वॉर्निशसाठी जहाजं भरभरून परदेशी पाठवली. झाडं कधीच पडून कुजली, राळ मात्र चिखलात शाबूत.

मग बाल्टिक समुद्राकाठचं अंबर कुठल्या झाडाचं? ताईंची माळ तिथली, म्हणून जरा सविस्तर सांगते. साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर युरोप आजच्यापेक्षा बराच उबदार होता आणि तिथं सूचिपर्णी झाडांची मोठी जंगलं होती, मधे मधे ओक. अंबरात पाइनच्या सुया आणि शंकू सापडतात, म्हणून जुन्या अभ्यासकांनी एका नामशेष पाइनला या राळेचं श्रेय दिलं. पण रसायन जुळत नाही. या अंबरात सक्सिनिक आम्ल ३ ते ८ टक्के असतं आणि वीण दाट असते. पाइनला हे शोभत नाही. २००९ मध्ये अवरक्त किरणांनी तपासणी करून काही संशोधकांनी वेगळंच झाड पुढे केलं, जपानमध्ये आज उरलेल्या छत्री-पाइनच्या कुळातलं. नावात पाइन असलं तरी ते पाइन नव्हे. त्या कुळात आता जगात एकच जात शिल्लक आहे. वाद मिटलाय असं नाही. मला विचाराल तर रसायनाची साक्ष मी जास्त धरते. सुया आणि शंकू शेजारच्या झाडावरून वाऱ्यानं येऊन चिकटू शकतात, राळेचा रेणू शेजाऱ्याकडून येत नाही.

राळ गळली आणि गुंतली, एवढ्यानं अंबर होत नाही. जमिनीवर उन्हावाऱ्यात पडून राहिली तर हवेतल्या ऑक्सिजननं तिला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. त्या जंगलांतल्या बहुतेक राळेचं हेच झालं असणार. वाचली ती पुरानं ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून मुखाशी किंवा समुद्रात गेलेली. तिथं वर गाळ बसला, हवा तुटली. बाल्टिककाठी रशियाच्या कालिनिनग्राड भागात अंबराचा जगातला सर्वांत मोठा साठा आहे, तो सापडतो समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात. त्या थराला 'निळी माती' म्हणतात, ग्लॉकोनाइट या हिरवट खनिजामुळे तिला तो रंग येतो. म्हणजे जंगल एकीकडे, अंबर दुसरीकडे. आणि गाळात गाडलं गेल्यावरही नशीब लागतं. फार खोल जाऊन फार तापलं तर अंबर नासतं. मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखं आहे ते, आच वाढली की गेलं.

आता माळ. ताईंनी ती टेबलावर पसरली. गुळाच्या ढेपेपासून लिंबू सरबतापर्यंत सगळे रंग. आमच्या कामाच्या मावशी डोकावून म्हणाल्या, "चांगला गूळ हाय की." सराफांनी वजनाचं म्हटलं ते निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा. अंबर हलकंच असतं, पाण्याच्या जेमतेम १.०५ ते १.१० पट. काच अडीच पट. म्हणून मिठाच्या पाण्याची परीक्षा करतात. स्वयंपाकाच्या काट्यावर मोजून पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवलं. मीठ ओतत सुटू नका; पाणी फार खारं केलं तर ॲक्रिलिकचं प्लॅस्टिकसुद्धा तरंगायला लागतं आणि परीक्षेला अर्थ उरत नाही.

माळ अलगद सोडली. ती सरळ तळाशी जाऊन बसली.

ताईंचा चेहरा उतरला. माझाही, खोटं कशाला बोलू. मिनिटभरानं ट्यूब पेटली, माळेला चांदीचा जाड हूक होता आणि मण्यांच्या मधे मधे धातूच्या कड्या. अंबर नव्हे, चांदी बुडाली होती. मी 'राहू द्या' म्हणत होते, पण ताईंनीच कात्री मागितली आणि दोरा कापला. सुटा मणी पाण्यात टाकला, आत गेला, आणि हलत-डुलत वर आला. मग एकेक करत सगळेच तरंगले.

तरंगलं म्हणजे अंबर, असंही नाही. कोपल तरंगतं आणि एका जातीचं प्लॅस्टिकही. म्हणून एका साध्या मण्याच्या भोकाजवळ नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा एक थेंब ठेवला. कोपल असतं तर तिथं चिकट झालं असतं. बोट फिरवलं, गुळगुळीत. तापलेली सुई टोचून वास बघायचा सल्ला लोक देतात, तो मात्र पाळू नका. वास येईल पण मण्याला डाग पडेल, आणि मणी तुमचा आहे.

खरा निकाल दिला भिंगानं. फुलांतले पुंकेसर बघायला वापरलेलं माझं दहा पटीचं जुनं भिंग खिडकीपाशी नेऊन माशीच्या मण्यावर धरलं. माशी म्हणजे चिलटाएवढी, लांब पायांची. एक पंख दुमडलेला, पोटाच्या एका बाजूला दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा. शरीर कुजताना निघालेला वायू आणि ओलावा राळेत अडकला की असा पापुद्रा धरतो. खोट्या मण्यात किडा नेहमी मोठा, मधोमध आणि फोटोला बसल्यासारखा पंख पसरून असतो. ही बिचारी तिरकी, कडेला, धडपडीत गेलेली. पण माझी नजर ठरली तिच्या शेजारी. तिथं धुळीसारखे दोन-तीन कण होते, नीट पाहिलं तर चांदण्या. एका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले केस. ही ओकच्या कळ्यांवरची लव. वसंतात कळी उमलताना ती गळून वाऱ्यावर उडते. बाल्टिक अंबरात ती इतक्या वेळा दिसते की जाणकार किड्याच्या आधी तीच शोधतात.

तीस वर्षं मी कॉलेजात मुलांना पानावरची लव दाखवली. वांग्याच्या पानावर अशाच चांदण्या असतात, भिंग लावा आणि बघा. पण चार कोटी वर्षांपूर्वीच्या एका वसंतातली लव मुरारजी पेठेत, मीठपाण्याच्या पातेल्याशेजारी बघेन असं वाटलं नव्हतं. ताईंना भिंग द्यायला मी बराच वेळ लावला, त्याबद्दल त्यांची माफी.

मग कोरडा केलेला मणी सांगोल्याकडच्या घोंगडीवर खसाखसा घासला आणि कडब्याच्या पात्याच्या तुकड्याजवळ नेला. टपकन चिकटला. हा पुरावा नव्हे, कंगवाही हे करतो. पण नाव इथूनच आलंय. आपल्या जुन्या ग्रंथांत याला तृणमणी म्हणतात, फारसीत कहरुबा, म्हणजे काडी पळवणारा. ग्रीकांनी अंबराला 'इलेक्ट्रॉन' म्हटलं, त्यावरून १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानं या ओढीला लॅटिन शब्द केला आणि त्यातून इलेक्ट्रिसिटी. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा प्रयोग छान होतो, पावसाळ्यात फसतो.

तर ताई, माळ खरी आहे. सराफांना सांगा, पण चारचौघांत नको.

प्रश्न : आमच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत पिवळसर, चमकणारे खडे निघाले. ते अंबर असेल का?
— एक विद्यार्थी, इयत्ता ९वी, बार्शी

उत्तर : नाही बाळा. पण खडे टाकून देऊ नकोस. आपल्या जिल्ह्याचा काळा दगड म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. हजार अंशांच्या वरच्या लाव्हात राळ कुठली टिकायला, तिचा धूर होईल. लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजं जमली. तुझे खडे कॅल्साइट, झिओलाइट किंवा गारगोटीच्या जातीचे असावेत. घरीच बघ. लिंबाचा थेंब टाक, बारीक फेस आला तर कॅल्साइट. तांब्याच्या तारेनं ओरखडा काढ, अंबरावर सहज उठेल, गारगोटीवर अजिबात नाही.

अंबर हवं तर गाळाचा खडक हवा, लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा असेल तर उत्तम. लाकडाचा लिग्नाइट होतो आणि त्याच थरात राळेचं अंबर. आपल्याला जवळचं म्हणजे गुजरातेत सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइटची खाण. तिथलं अंबर पाच कोटी वर्षांहून थोडं जुनं, म्हणजे आपल्या काळ्या दगडाहून लहान. त्यातल्या शेकडो किड्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे ते सूचिपर्णी झाडांचं नाही. ते सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचं आहे, आणि वरच्या उत्तरात मी वाटीत टाकली ती राळ सालाचीच. मंगळवार पेठेतली पुडी आणि वस्तानचं अंबर, दोघं भाऊबंद.

प्रश्न : अंबरातल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर परत आणता येईल का? वाद पैजेवर गेला आहे.
— दोन मित्र, पंढरपूर

उत्तर : नाही येणार. पैज ज्यानं 'नाही' म्हटलं त्याला द्या. डीएनए फार नाजूक असतो. मरणानंतर त्याचे तुकडे पडत जातात, आणि अंबर त्याला वाचवत नाही. १९९० च्या दशकात अंबरातून डीएनए मिळाल्याचे दावे झाले, पण पुन्हा करून बघताना ते टिकले नाहीत. २०१३ मध्ये तर अंबराहून कितीतरी तरुण कोपलमधल्या मधमाश्यांतूनही तो मिळाला नाही. बरेचसे किडे आतून पोकळच असतात, वरचं टरफल तेवढं उरलेलं.

शिवाय तारखा बघा. बाल्टिक अंबराची जंगलं उगवली तेव्हा मोठे डायनासोर जाऊन दोन कोटी वर्षं होत आली होती. त्यांच्या काळातलं अंबर म्हणजे ब्रह्मदेशाच्या काचिन भागातलं, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचं. त्यात २०१६ मध्ये छोट्या डायनासोरच्या शेपटीचा तुकडा सापडला, पिसांसकट! हे मला रक्ताच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी वाटतं. मात्र त्या खाणींच्या भागात सशस्त्र संघर्ष आहे आणि अंबराचा पैसा त्यात जातो, म्हणून तिथला मणी मी विकत घेणार नाही. अंबराचा आरंभ याहूनही मागचा आहे. किडे असलेले सर्वांत जुने थेंब इटलीच्या डोंगरांतले, २३ कोटी वर्षांचे. त्यांत माइट आहेत, गोचिडीचे नातलग. झाड तेही सूचिपर्णीच.

प्रश्न : विजापूर वेशीतल्या अत्तराच्या दुकानात मिळतो तो अंबर हाच का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. मूळचा सुगंधी अंबर स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. दोन्ही समुद्रकाठी सापडत, म्हणून अरबी 'अन्बर' हे नाव युरोपात जाऊन दोघांना चिकटलं. खऱ्या देवमाशाच्या अंबराचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. अत्तराच्या कुपीवर 'अंबर' लिहिलं असलं तर तो बहुधा बनवलेला वास असतो, बिनधास्त लावा.

पण शै. ताई, तुम्ही तेच अत्तर लावून माळ घालू नका. अत्तर, स्पिरिट, केसांचा स्प्रे यांनी अंबराची चकाकी जाते. पुसायची तर ओल्या मऊ फडक्यानं. मे महिन्यात खिडकीतल्या काचेच्या कपाटात ठेवू नका, डब्यात ठेवा. ऊन आणि हवा तिला आजही तितकंच बाधतात. नातवाच्या दात येण्याला अंबराची माळ चांगली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याला आधार नाही, आणि मणी घशात अडकायची भीती खरी. दोरा माझ्या परीक्षेपायी कापला गेला, तेव्हा ओवायची मजुरी माझ्याकडे लागू. पटव्याला एवढं बजावा की प्रत्येक मण्यामागे गाठ मारायची, म्हणजे मणी एकमेकांवर घासणार नाहीत. आणि माशीचा मणी मधोमध घ्या, चांदणीची बाजू वर.